दर्या माडात शिरलाय. दगडी बंधाऱ्यासाठी अर्ज करावा की नको?

माडाखालचा

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं घर मालवण तालुक्यात, एका अंगाला दर्या नि दुसऱ्या अंगाला खाडी अशी जी चिंचोळी पट्टी आहे तिथे. मी ठाण्याला नोकरीला, घरी आई आणि काका-काकू. लहानपणी मागच्या पडवीतनं पुळणीवर, म्हणजे दर्याकाठच्या रेतीवर, जायचं तर माडांच्या चार रांगा ओलांडायला लागायच्या, आता दीड उरलीय. गेल्या ऑगस्टच्या उधाणाला एका रात्रीत तीन माड गेले. आई सांगत होती की माड पडल्याचा आवाजच येत नाही, खालची रेती निघून जाते आणि तो हळूच बसतो, सकाळी बघावं तर शेंडा पाण्यात. जे उभे आहेत त्यांची मुळं केरसुणीसारखी बाहेर लोंबतायत. विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ व्हायला लागलंय. सातबाऱ्यावर मात्र अजून पूर्ण १४ गुंठे, म्हणजे त्यातले चार-पाच गुंठे माशांच्या नावावर करायला हरकत नाही.

शेजारच्या होमस्टेवाल्याने २०२२ मध्ये स्वतःच्या खर्चाने चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) भिंत घातली, सिमेंट लावून, छातीएवढी उंच. तिचा कोपरा दुसऱ्याच पावसात खचला आणि मला तरी असं वाटतंय की तेव्हापासून आमच्या बाजूला दर्या जास्त आत आलाय. आता काका म्हणतात ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी अर्ज टाकू. गावात दोन तट पडलेत, रापणवाले (पुळणीवरनं मोठं जाळं ओढणारे मच्छीमार) नको म्हणतात, किनाऱ्यालगतची घरं हवाच म्हणतात. एक कंत्राटदार येऊन काळा दगड टाकून देतो म्हणून गेला, कुठला दगड, किती मोठा, काही विचारलं तर म्हणे "साहेब, दगड तो दगड".

कुणाला अनुभव असेल तर सांगा. बंधाऱ्याने खरंच थांबतं का?

जेटीवाला

बंदरांच्या कामांवर वीसेक वर्षं काढलीत म्हणून लिहितो. बंधाऱ्याने काय थांबतं ते आधी नीट समजून घ्या. बंधारा मागची जमीन धरून ठेवतो, पुढची पुळण नाही. उतरत्या रेतीवर लाट येते तेव्हा ती चढता चढता दमते आणि पाणी रेतीत मुरतं. उभ्या भिंतीवर आदळली की तेवढ्याच जोरात मागे फिरते आणि पायथ्याची रेती उकरून नेते. मग पायथ्याशी खोली वाढते, खोली वाढली की आणखी मोठी लाट भिंतीपर्यंत पोचते आणि शेवटी भिंत पुढच्या बाजूला तोंडावर पडते. तुमच्या शेजाऱ्याची भिंत बहुतेक अशीच गेली असणार, पाया किती खाली नेला होता विचारा, फूट-दीड फूट सांगेल. आणि भिंत जिथे संपते तिथे लाट वळसा घालून शेजारच्या मोकळ्या जमिनीत घुसते, ते टोक नेमकं तुमच्या हद्दीवर येत असेल तर तुमचा संशय अगदीच चुकीचा नाही.

आता "दगड तो दगड" बद्दल. ह्या कंत्राटदाराला माझ्याकडून कोपरापासून नमस्कार. दगडाचं वजन ठरवायला हडसनचं सूत्र वापरतात, त्यात लाटेच्या उंचीचा घन येतो, म्हणजे लाट दुप्पट झाली की दगड दुप्पट नाही, आठपट जड लागतो. साधारण काळा दगड आणि १ ला २ उतार धरला तर एक मीटरच्या लाटेला पावणेदोनशे किलोचा दगड पुरतो, दोन मीटरला सव्वा ते दीड टनाचा लागतो आणि तीन मीटरला साडेचार टनाच्या आसपास. ट्रकमधनं सरसकट ओतलेल्या डबरात दीड टनाचे किती निघतील ते तुम्हीच बघा. चिऱ्याचं तर विचारूच नका, जांभा हलका, पाण्यात बुडाला की आणखी हलका, त्याच लाटेला टिकायला काळ्या दगडाच्या तिपटीहून जास्त वजनाचा तुकडा हवा, आणि तुमचा चिरा गवंडी एकटा उचलतो.

शिवाय दगडाखाली जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देतं, रेती अडवतं) किंवा बारीक खडीचा थर लागतो. तो नसला की प्रत्येक लाटेबरोबर दगडांच्या फटीतनं खालची रेती चोखली जाते आणि दगड जागच्या जागी खाली बसत जातात. लोक म्हणतात दर्याने बंधारा नेला, नेत काही नाही, बहुतेकदा तो तिथेच रेतीत पुरलेला असतो.

कडक_चहा

एवढं डोकं कशाला लावायचं, ते काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे, टेट्रापॉड, टाका ना सरळ, मरीन ड्राइव्हला इतकी वर्षं चाललेत की

जेटीवाला

@कडक_चहा मरीन ड्राइव्हला मागे भराव आणि रस्ता आहे, वाचवायला पुळण नव्हतीच. टेट्रापॉड चांगली वस्तू आहे, १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाली, चार पाय एकमेकांत अडकतात म्हणून कमी वजनात जास्त टिकते, पण ती पण मागचं वाचवते, पुढची पुळण नाही. आणि त्यावरनं होडी कशी ओढणार? रत्नागिरीला मिऱ्यावर वर्षानुवर्षं दगड टाकतायत, मग टेट्रापॉड पण आले, आणि निसर्ग वादळात, ३ जून २०२०, बसरा स्टार नावाचं अख्खं जहाज येऊन तिथल्या बंधाऱ्याला लागलं, ते कुठल्या सूत्रात बसवायचं सांगा.

खडकवेडी

कॉलेजात भूशास्त्र शिकवते. जेटीवाले भिंतीबद्दल बोलले ते पटलं, पण मला वाटतं प्रश्न भिंतीच्या आधी सुरू होतो, तुमची जमीन मुळात आहे काय इथून.

कोकण किनारा म्हणजे खडकाची टोकं आणि त्यांच्यामध्ये अडकलेले पुळणीचे तुकडे. उत्तरेला बेसाल्ट, सड्यावर (वरच्या पठारावर) जांभा, आणि तुमच्याकडे दक्षिण सिंधुदुर्गात त्याच्याहून खूप जुने ग्रॅनाइट-नीस आणि क्वार्ट्झाइट उघडे पडलेत. म्हणून तारकर्लीची रेती पांढरट क्वार्ट्झची आणि रायगडची काळपट. ही रेती नदीने आणून टाकायची आणि लाटांनी पसरायची, हा धंदा हजारो वर्षं चाललाय. दोन टोकांमधल्या पुळणीला ठरावीक भांडवल असतं, बाहेरनं फारसं येत नाही. पूर्व किनाऱ्याची गोष्ट वेगळी, तिथे रेती वर्षभरात मिळून उत्तरेकडे चालत असते, म्हणून १९ व्या शतकात मद्रासचं बंदर बांधल्यावर दक्षिणेला मरीना बीच फुगला आणि उत्तरेला रोयापुरम खचत गेलं. पुदुच्चेरीला १९८९ च्या बंदरानंतर तोच प्रकार झाला, शहरासमोरची पुळणच गेली, नुसते दगड राहिले. २०१८ मध्ये तिथे पाण्याखाली स्टीलचा एक पाचरीसारखा रीफ, म्हणजे लाटा अडवणारा बांध, बसवला, रेती पण टाकली, तेव्हा कुठे थोडी पुळण परत दिसायला लागली.

तुमचं गाव मात्र साध्या पुळणीवर पण नाही, ते वाळूच्या जिभेवर आहे. लाटांनी खाडीच्या तोंडाशी रेती ओढून ओढून बनवलेली पट्टी. देवबाग बघा, कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये तशीच जीभ आहे, टोकाला संगमात रेतीची बेटं वर येतात, सरकतात. अशी जीभ हलतीच असते, एका अंगाने खाते, दुसऱ्या अंगाने वाढते. आपण तिच्यावर माड लावले, घरं बांधली आणि सातबारा काढला, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

कधी ओहोटीला लादीसारखा एकसंध दगड रेतीखालनं डोकावतो का बघा, शंख-शिंपले चिकटून झालेला, त्याला करल म्हणतात. पुळणीतच रेती सिमेंटसारखी घट्ट होऊन बनतो. तो आता पाण्यात दिसत असेल तर कधीकाळी पुळण तिथवर होती असा साधारण अंदाज बांधता येतो. फोटो टाका, मला बघायला आवडेल (हा स्वार्थ).

तर पहिला प्रश्न, तुमची रेती जातेय की फक्त पावसाळी सहलीला गेलीय? जून ते सप्टेंबर मोठ्या लाटा रेती ओढून पाण्याखाली दांडा करतात आणि दिवाळीनंतर बारीक लाटा ती परत आणतात. मेची ऑगस्टशी तुलना केली तर कोकणातलं प्रत्येक गाव बुडालेलं दिसेल. मेची मेशी करा. गूगल अर्थवर जुनी चित्रं मिळतात, पण पाण्याची कड मोजू नका, ती भरती-ओहोटीने हलते, हिरवळीची कड मोजा, विहीर किंवा घराचा कोपरा असा न हलणारा खुणेचा बिंदू धरून.

रापणकार_मालवण

मी मालवणीतच लिवतंय, समजून घेवा. आमची रापण आसा, आज्याच्या आदीपासून. रापण ओढूक पुळण लागता, दोनय टोकांक माणसां उभी ऱ्हवाक लागतत. दगड टाकलास काय जाळा अडाकता, फाटता, होडी वर घेवक जागा ऱ्हवणा नाय. म्हणान आमी नको म्हणतव, आमका कोणाचा घर बुडवचा नाय.

पावसात रेती जाता आणि दिवाळी झाल्यार येता ह्या ताईंनी सांगला ता बरोबर, आमचे आजे पण ह्याच सांगीत. पण आता जाता तेवडी येणा नाय. कित्याक येतली? खाडीतली रेती रात्रभर उपसून डंपरान जाता ती खंयची? ती दर्याच्या वाटणीची. दर्याक त्याचो वाटो गावलो नाय काय तो तुमच्या माडाखालचो घेता. ह्या सांगूक इंजिनिअर कशाक होयो.

माडाखालचा

सगळ्यांचे आभार. काल रात्री दोन वाजेपर्यंत गूगल अर्थ घेऊन बसलो, बायको म्हणाली ऑफिसचं काम एवढं मन लावून केलं असतंस तर.

विहिरीच्या कठड्यापासून हिरवळीच्या कडेपर्यंत मोजलं. २००५ मध्ये ७४ मीटर, २०१४ मध्ये ६६, २०२१ च्या सुरुवातीला ५८. आणि आता २०२५ मध्ये काकूने सुंभाला गाठी मारून प्रत्यक्ष मोजलं तर ४१. म्हणजे आधीच्या सोळा वर्षांत १६ मीटर आणि नंतरच्या चार वर्षांत १७. पुळण हलती असते हे पटलं हो, पण चार वर्षांत कसली घाई झाली तिला? भिंत २०२२ ची आहे, म्हणजे शेजाऱ्यानेच केलं ना हे?

@रापणकार तुमचं वाचून काकांना वाचून दाखवलं, ते गप्प बसले, खाडीतल्या उपशाच्या वेळी गावात कोण गप्प बसलं होतं ते त्यांना माहीत आहे.

खडकवेडी

मोजणी झकास केलीत, काकूंना सांगा. पण सगळं भिंतीच्या माथी मारू नका एवढ्यात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर गेलं, त्याने एका दिवसात रेतीची टेकाडं कापली असतील आणि एकदा टेकाड गेलं की पुढचा साधा पावसाळा पण जास्त आत येतो. खाडीचं तोंड सरकलंय का तेही त्याच चित्रांत बघा. आणि भिंतीपासून लांब, दोनशे-तीनशे मीटरवर तीच मोजणी करा. तिथेही १७ मीटर गेली असेल तर भिंत निर्दोष, तिथे ८ आणि तुमच्याकडे १७ असेल तर मग शेजाऱ्याकडे चहा प्यायला जा.

समुद्राची पातळी पण वाढतेय, जगभराची सरासरी १९०१ ते २०१८ मध्ये २० सेंटीमीटर, आणि २००६ नंतर वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या वेगाने. पण चार वर्षांतले १७ मीटर त्याने नाही गेले. हल्ली जो तो कार्यालयीन अर्जात पहिल्या ओळीत हवामान बदल लिहितो, त्याने रेती उपसणाऱ्या ड्रेजरवाल्यांचं फावतं.

डच_कुलकर्णी

मी हेगजवळ राहते, माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे ह्या धाग्यावर गप्प बसवेना. इथे देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीखाली, तरी हे लोक आता शक्यतो दगड टाकत नाहीत, रेती टाकतात. दरवर्षी साधारण १ कोटी २० लाख घनमीटर रेती लांब समुद्राच्या तळातनं उपसून किनाऱ्याला घालतात. २०११ मध्ये आमच्या घराच्या दक्षिणेला २ कोटी १५ लाख घनमीटरचा एकच ढीग घातला, सँड मोटर म्हणतात, आणि लाटांना म्हणाले आता तुम्हीच पसरवा. आम्ही रविवारी तिथे फिरायला जातो, ढीग दरवर्षी बसका होत चाललाय आणि बाजूची पुळण रुंद. आणखी उत्तरेला पेटनजवळ जुना दगडी बांध होता, पिढ्यान्‌पिढ्यांचा, तो कमी पडायला लागला तर आणखी दगड न रचता २०१५ पर्यंत त्याच्या पुढ्यात साडेतीन कोटी घनमीटर रेती घातली. बांध आता टेकाडांच्या मागे लपलाय.

आपल्याकडे एवढा पैसा नाही हे कळतं. पण टेकाडावर चालायला पण बंदी असते इथे, तारेचं कुंपण, गवत लावलेलं, मूल आत गेलं तर कुणीतरी आजी ओरडतेच. आमच्याकडे वेंगुर्ल्याला मर्यादवेल उपटून लोक खुर्च्या मांडतात. वेलीचं नावच मर्यादवेल आहे, दर्याची मर्यादा धरते ती, फुकट येते, फुकट वाढते.

कडक_चहा

ताई मर्यादवेल ठीक आहे पण त्यांचं घर ४१ मीटरवर आलंय, वेल वाढेपर्यंत काय करायचं त्यांनी

जेटीवाला

कडक चहाने ह्यावेळी मुद्द्याचं विचारलं. ४१ मीटर विहिरीपासून आहेत, म्हणजे घर त्याच्या मागे, तेव्हा हा पावसाळा तरी घाबरू नका. माझं मत असं.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत रेती भरून रचू नका, उन्हात एका हंगामात चिंध्या होतात आणि प्लास्टिक सगळं दर्यात. जिओटेक्स्टाईलच्या मोठ्या पिशव्या मिळतात, त्या उतारावर पायऱ्यांसारख्या रचायच्या, सगळ्यात खालची ओळ रेतीत पुरून, आणि भरायची रेती समोरच्या पुळणीची घ्यायची नाही. हसू नका, घेतात लोक. स्वतःच्याच पुढच्या दाराची फळी काढून मागचं दार बसवायचा प्रकार. ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यात पेंथा गावाला अशाच मोठ्या जिओट्यूब (त्याच कापडाच्या लांब नळ्या) वापरून ५०५ मीटरचा बांध केलाय, मागे मातीचा बंधारा होता तो वाचवायला. पण कापड फाटलं की दुरुस्ती लगेच हवी, उद्घाटनानंतर फिरकायचं नाही अशी सवय असेल तर नको.

कागदपत्रांचं. किनाऱ्यावर धुपीसाठी काही करायचं तर सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांखालची) परवानगी लागते, स्वतःच्या जागेत असलं तरी. २०१९ च्या अधिसूचनेत रेतीची टेकाडं आणि कासवांच्या अंडी घालायच्या जागा सर्वात कडक गटात आहेत, तेव्हा कंत्राटदार जेसीबीने टेकाड सपाट करून "बेस" करायला लागला तर आधी त्याला थांबवा. अर्ज खारभूमी खात्याकडे टाकू नका, बरेच जण टाकतात, त्यांचं काम खाडीकाठच्या शेताच्या बांधांचं. आणि ठरावात नुसतं "बंधारा मिळावा" असं लिहू नका. "किनाऱ्याचा अभ्यास करून योग्य तो उपाय करावा" असं लिहा, सोबत काकूंची मोजणी जोडा. खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएस (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र) आहे, १९१६ पासूनची संस्था, लाटांची यंत्रं लावलेल्या हौदात किनाऱ्याचं छोटं मॉडेल करून बघतात. काम मंजूर झालं तर विचारायचे प्रश्न तीनच, कुठली लाट धरली, पायथा किती खोल, आणि दोन्ही टोकं कुठे संपतात. ह्यातल्या एकाचं जरी उत्तर "बघू" आलं तर सही करू नका.

पैशांचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी धूप रोखायला १५०० कोटी आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १००० कोटी देशभरासाठी सुचवले होते, नदीकाठची धूप पण त्यातच. आपल्या वाट्याला किती येतं तो वेगळा विषय, पण ठरावात उल्लेख असू दे.

रापणकार_मालवण

पिशये चलतत आमका. वरसून होडी ओढूक येता.

माडाखालचा

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, मध्ये गावी जाऊन आलो.

भिंतीपासून तीनशे मीटरवर एका मांगराच्या (शेतघराच्या) कोपऱ्यावरनं मोजलं, तिथे २०२१ पासून १० मीटर गेलीत. आमच्याकडे १७. म्हणजे दहा सगळ्यांची आणि सात भिंतीची असं मी धरतोय, खडकवेडी ताई रागावतील इतकं सोपं हिशोब केल्याबद्दल. होमस्टेवाल्याकडे चहा प्यायलो. तो स्वतःच रडकुंडीला आलाय, त्याच्या भिंतीपुढे आता भरतीला पुळणच उरत नाही आणि गिऱ्हाईक विचारतं बीच कुठे आहे. ठराव जेटीवाल्यांनी सांगितला तसा लिहिला, रापणवाल्यांच्या पण सह्या आहेत. काकांनी सही केली पण बंधारा शब्द घालायलाच लावला, कंसात.

करल मिळालं नाही. त्या खचलेल्या भिंतीचं काय करावं ते मात्र कुणीच सांगितलं नाही, तो पाडायला तयार आहे.

जेटीवाला

पावसाच्या तोंडावर नको. एकदम पाडली तर मागची भर एका उधाणात जाईल आणि टोक पुढे सरकून दुसऱ्या शेजाऱ्याकडे पोचेल. दिवाळीनंतर रेती परत आली की तुमच्या बाजूच्या टोकाकडनं थोडी थोडी काढा, काढलेल्या जागी पिशव्यांचा उतार करत न्या. चिरे सगळे उचला, पुळणीत एक पण ठेवू नका, नाहीतर रापणकार मला शोधत येतील.